लाल बाणाजवळची चौकट

मदतकट्ट्यावर त्या प्रश्नाखाली दुपारपर्यंत एकशे बारा उत्तरं जमली होती, आणि त्यांत उत्तर एकही नव्हतं.

मदतकट्टा म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी माणसांचा इंटरनेटवरचा अड्डा. कुणाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमची भाषा बसत नाही, कुणाचा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम टंकायची वही, उघडत नाही, कुणाला लाल अक्षरांतली चूक बघून घाम फुटतो. सगळे तिथे येऊन गाऱ्हाणं मांडतात. मी तिथे आठ वर्षं आहे. माझं तिथलं नाव 'मोजपट्टी', कारण मी पडद्यांच्या दुकानात काम करते. खिडक्या मोजायच्या, कापड बेतायचं, गिऱ्हाइकाला 'हा रंग उन्हात विटतो' हे गोड शब्दांत सांगायचं. एका थानातून जास्तीत जास्त पडदे कसे निघतील हे काढण्यासाठी अडतिसाव्या वर्षी मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. शिकवायला कुणी नव्हतं. चुका होत्या, त्यांनीच शिकवलं.

'ऑपरेटर' नावाच्या कुणीतरी त्या सकाळी विचारलं होतं: "मार्गदर्शिकेत म्हटलंय, लाल बाणाजवळच्या चौकटीत खूण करा. मला लाल बाण सापडत नाही. खूण न करता पुढे गेले तर यंत्र म्हणतं, ही आज्ञा ओळखीची नाही. काय करावं?"

पहिलं उत्तर पाच मिनिटांत आलं होतं. "डोळे तपासून घ्या." त्याखाली सत्तेचाळीस हसरे चेहरे.

दुसऱ्यानं विचारलं, "एडिटर कुठला?" झालं. हा प्रश्न म्हणजे गुळाचा खडा. मुंग्या कुठून येतात ते दिसत नाही, पण येतात. 'काळोख्या' नावाचा एक आहे, तो म्हणाला, "माझा एडिटर वापरा, काळा पडदा, चकाचक." त्यावर 'अर्धविराम' म्हणाला, "तुझा एडिटर उघडेपर्यंत माझा चहा होतो." "चहाच कर मग, प्रोग्रॅम तुझ्याच्यानं व्हायचा नाही." मग कळफलकवाले आले. यांची एक जातच वेगळी. आम्ही वीस वर्षांत माउसला हात लावला नाही, ही त्यांची फुशारकी. माउसला हात न लावण्यात काय पुण्य आहे मला कधी समजलं नाही, पण ते त्याच आवेशात सांगतात, जसं एखादा सांगतो की मी दात घासायला पेस्ट वापरत नाही. साठाव्या उत्तरापर्यंत एकमेकांची अक्कल काढून झाली होती. ऐंशीव्यापर्यंत एकमेकांच्या आयांपर्यंत मजल गेली होती. लाल बाणाचं कुणाच्या लक्षातही नव्हतं.

हे बघताना मला, अतिशयोक्ती नाही, उघड्या गटाराजवळून जाताना पदर नाकाला लावावा तसं होतं. तरी मी रोज तिथे जाते, कारण तिथे मला मान आहे. त्या दिवशी कापडाचा गठ्ठा सोडता सोडता मीही एक ओळ लिहिली. माझी नेहमीची, ठेवणीतली: "मार्गदर्शिका पुन्हा एकदा शांतपणे पाहा. चित्र सात."

आणि पडदे शिवणाऱ्या बाईंना मापं द्यायला गेले.

संध्याकाळी घरी आले तर खालच्या मजल्यावरून हाक आली. आमच्या थोरल्या जाऊबाई खाली राहतात, आम्ही वर. त्यांनी इस्पितळाच्या फोनबोर्डावर सव्वीस वर्षं काढली. चारशे तेरा अंतर्गत नंबर तोंडपाठ. कुठला डॉक्टर जेवायला कुठे जातो तेही पाठ. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांच्या मागचा पडदा सुटायला लागला, आणि आता उजेड कुठून येतो एवढंच कळतं. बोर्डावर त्यानं काही अडलं नाही, कारण बोर्ड त्यांनी बोटांनीच चालवला होता. पण मागच्या वर्षी इस्पितळानं बोर्डच काढून टाकला.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "तुला गंमत ऐकवते. आज मी जगाकडून शहाणपण घेतलं."

त्यांच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आहे. त्याला त्या 'बोलघेवडा' म्हणतात. दुप्पट वेगानं बोलतो, भावना शून्य. त्यांनी कळ दाबली आणि बोलघेवड्यानं सुरुवात केली: "ऑपरेटर. मार्गदर्शिकेत म्हटलंय, लाल बाणाजवळच्या..."

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली नाही. ठेवायचं सुचलं नाही.

"डोळे तपासून घ्या. सत्तेचाळीस हसरे चेहरे," बोलघेवडा म्हणाला, वाणसामानाची यादी वाचावी तसा. मग एडिटर, चहा, अक्कल, आया, सगळं एका सुरात. शिव्या त्या सुरात ऐकल्या की वेगळ्याच घाण वाटतात. चिडलेल्या माणसाच्या तोंडून निदान वाफ येते. इथे नुसता गाळ खाली बसलेला. आणि मग, सगळ्यांत शेवटी: "मोजपट्टी. मार्गदर्शिका पुन्हा एकदा शांतपणे पाहा. चित्र सात."

"हा मोजपट्टी कोण आहे कोण जाणे," जाऊबाई म्हणाल्या. "सगळ्यांत सभ्य हाच. पण खरं सांगू? मला या सभ्य मेल्याचाच जास्त राग आला. तो टवाळ निदान मला बघून हसला तरी. यानं बघितलंसुद्धा नाही."

"ताई, तुम्ही मला का नाही विचारलंत?"

"तुला? वर्षभर तुझं डोकं खाऊन तोंडी भाषा शिकले, आता बसवायलाही तूच? आणि शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर कोण बसवणार, तू का?"

ते खरं होतं. इस्पितळानं त्यांना दोनच रस्ते दिले होते. नोंदणी विभागात एक जागा होती; एकाच रुग्णाच्या दोन-तीन नावांनी झालेल्या नोंदी प्रोग्रॅमनं शोधून एकत्र करायच्या. त्यासाठी शुक्रवारी चाचणी: कोऱ्या कॉम्प्युटरवर स्वतः भाषा बसवायची, दिलेला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. जमलं तर जागा, नाही तर मुदतीआधीची निवृत्ती. जाऊबाई एकदाच म्हणाल्या होत्या, "घरी बसवलं ना मला, तर महिन्याभरात तुम्ही लोक माझ्यावर कपडे वाळत घालाल." नंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

"ही त्यांची मार्गदर्शिका ऐक आता," त्या म्हणाल्या.

"धन्यवाद तीन हजार. चला, भाषा बसवूया. चित्र. चित्र. इथे दाखवल्याप्रमाणे करा. चित्र. हे असं दिसेल. चित्र. चित्र."

"एकतीस आहेत. मोजली मी. लिहिणाऱ्याला लिहिता येत नसावं बिचाऱ्याला, म्हणून चित्रं काढली. आणि ती बसवायची खिडकी उघडली की हा बोलघेवडा म्हणतो, बटण, बटण, बटण, बटण. नाव एकाचंही नाही. अरे, मी काय शिंप्याकडे आलेय?"

त्या स्वतःच्या विनोदावर हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मार्गदर्शिकेच्या अगदी तळाला, एकतिसाव्या चित्राखाली, बारीक अक्षरांत लिहिलंय: मांडणी, मोजपट्टी. चित्रं संपताच त्यांनी बोलघेवडा बंद केला असावा, त्याखालचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं: "ताई, चहा टाकू का?"

ती मार्गदर्शिका म्हणजे माझं एकुलतं एक मोठं काम. तीन हजार लोकांनी तिला धन्यवाद दिलेत. आधी ती नुसती लेखी होती, मीच लिहिलेली: आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडा, ही एक ओळ टंका, थांबा, झालं. त्या ओळीनं भाषाही बसायची आणि लाल बाणाजवळच्या चौकटीचं कामही आपोआप व्हायचं. पण कट्ट्यावरचे 'मास्तर', ज्यांना सगळे मानतात, एकदा म्हणाले, "ताई, काळी खिडकी बघून नवखे पळतात. वाचतंय कोण हल्ली? चित्रं टाका, बाण काढा." मला मास्तरांनी ताई म्हटलं याचाच इतका आनंद झाला की मी दोन रविवार बसून एकतीस चित्रं काढली, प्रत्येकावर लाल बाण ओढला आणि लेखी मजकूर पुसला. नुसता बाजूला नाही ठेवला. पुसला. दोन्ही असली तर गबाळं दिसतं, असं वाटलं मला. पडद्याच्या दुकानातली बाई, दिसण्यावर जीव.

चहा पिताना मी म्हटलं, "ताई, एक जुना मार्ग आहे. खिडकी-बिडकी काही नाही. एक ओळ."

"तुला कसा ठाऊक?"

"कुठेतरी वाचला होता मी."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज संध्याकाळी आम्ही बसलो. मी दुकानातला एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला, रोज तो कोरा करायचा आणि रोज त्यांनी बसवायचं. मी शिकवायला लागले तर पहिल्याच वाक्याला अडले. "मग वर कोपऱ्यात..." म्हणाले. "कुणाचा कोपरा?" जाऊबाई म्हणाल्या. 'दिसेल' म्हणाले. "दिसणार नाही, पुढे बोल." आठ वर्षं मी लोकांना समजावतेय, यांना वर्षभर भाषेचे नियमही तोंडी सांगितले, पण बसवायची कृती बोट न दाखवता मला चार वाक्यांत सांगता येईना.

शेवटी त्यांनीच सूत्रं हातात घेतली. "तू गप्प बस. मी करते आणि काय ऐकू येतं ते सांगते. तू लिही." मग त्या सांगत गेल्या: ही कळ आणि ती कळ एकदम, बोलघेवडा म्हणेल 'आज्ञा'. ओळ टंकायची. एन्टर. बोलघेवडा गप्प. घाबरायचं नाही, दोन-सव्वादोन मिनिटं गप्पच असतो. मध्ये काही दाबलं तर सगळं मुसळ केरात. मग म्हणेल 'पूर्ण'. खिडकी बंद करून पुन्हा उघडायची, नाहीतर नवी भाषा ओळखीची होत नाही. प्रोग्रॅम लिहायला कॉम्प्युटरवर आधीपासूनच असते ती साधी नोंदवही. तिच्यातलं अक्षर न् अक्षर बोलघेवडा वाचतो. काळोख्यानं ऐकलं असतं तर म्हणाला असता, नोंदवहीत कोण प्रोग्रॅम लिहितं?

चारशे तेरा नंबर पाठ केलेली बाई. गुरुवारी त्यांनी अकरा मिनिटांत सगळं केलं.

दरम्यान मी कट्ट्यावर एक सूचना मतदानाला टाकली, बेतानं, कुणाला टोचू नये अशा बेतानं: मार्गदर्शिकेत चित्रांबरोबर लेखी कृतीही परत घालावी का? काहींना चित्रं वाचता येत नाहीत. खरं म्हणजे विचारायची गरजही नव्हती. मांडणाऱ्याला केव्हाही बदल करता येतो. मतदान हा नुसता शिष्टाचार. पण मला शिष्टाचाराची आणि मास्तरांच्या 'ताई'ची चटक लागलेली.

उत्तरं आली. "आंधळे प्रोग्रॅमर किती आहेत? आकडा द्या." "दोघांसाठी तीन हजारांना त्रास का?" "आधी सांगा, लेखी कृती कुठल्या एडिटरमध्ये लिहिणार?" आणि पुन्हा मुंग्या. मास्तर म्हणाले, "ताईंची भावना समजते, पण मांडणी सुटसुटीत आहे, ती बिघडवू नये." एकेकाला काहीतरी सुनावावं म्हणून हात शिवशिवत होते. मी लिहिलं, "बरोबर आहे, चर्चेसाठी ठेवते." लिहिलं, पाठवलं, आणि उठून साबणानं हात धुतले. दोनदा.

शुक्रवारी सकाळी मी सुट्टी घेतली. जाऊबाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि माझं कोपर धरलं. नोंदणी विभाग तिसऱ्या मजल्यावर. फायलींचे रॅक, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, टेबलावर कोरा कॉम्प्युटर. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी जाऊबाईंना स्वतः खुर्ची ओढून दिली, बोलघेवडा आधीच घालून ठेवला होता. मला म्हणाले, "तुम्ही सोबतीच्या? तिथे बसा, बोलायचं नाही."

मग त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढले. रंगीत छापलेले, गुळगुळीत. पहिल्याच पानावर लाल बाण होता.

माझी एकतीस चित्रं.

"चाचणी मार्गदर्शिकेप्रमाणे होईल," साहेब म्हणाले. "मी प्रत्येक पायरीवर खूण करीन. सगळीकडे हीच वापरतात, एकदम सुटसुटीत आहे."

जाऊबाईंनी सुरुवात केली. दोन कळा एकदम. 'आज्ञा.' ओळ टंकली, एन्टर. बोलघेवडा गप्प. साहेब कागदावर पेन धरून वाट बघत राहिले. दोन मिनिटं. जाऊबाईंचे हात मांडीवर, निश्चल.

"बाई, अडलं का काही?"

"नाही साहेब. काम चालू आहे."

"पण चित्र दोन यायला हवं होतं. तीन नाही, चार नाही." त्यांनी पानं उलटली. "आणि चौकट? चित्र सातमध्ये चौकटीत खूण करायचीय. ती तर तुम्ही केलीच नाही."

"पूर्ण," बोलघेवडा म्हणाला.

"साहेब, बसली भाषा. चालवून दाखवते."

"तसं नाही हो. मला सगळ्यांना एकच माप लावायला हवं. तुमच्याआधी दोघांची झाली, त्यांनी एकतीसच्या एकतीस दाखवली. उद्या तेच म्हणतील, बाईंना सूट दिली." त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त भीती वाटली. पेन खाली आलं, रकान्यावर टेकलं. "एकतीसपैकी शून्य. मी काय लिहू सांगा?"

जाऊबाईंचा चेहरा मला दिसत होता. बोर्ड काढून नेला त्या दिवशीही तो असाच होता, म्हणे.

"साहेब," मी उभी राहिले. "ते कागद चुकीचे आहेत."

"तुम्हाला बोलायचं नाही सांगितलं होतं."

"ते माझे आहेत. मी काढलेत ते. शेवटचं पान बघा, खाली. मोजपट्टी. ती मी."

साहेबांनी शेवटचं पान काढलं. जाऊबाईंची मान माझ्याकडे वळली. आवाजाच्या दिशेनं, अगदी अचूक.

"कशावरून?" साहेब म्हणाले.

मी त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावानं कट्ट्यावर शिरले. मार्गदर्शिका उघडली. गुरुवारी जाऊबाईंनी सांगितलेलं सगळं माझ्या फोनमध्ये होतं. ते पहिल्या चित्राच्याही वर, जसंच्या तसं चिकटवलं. मतदान नाही, चर्चा नाही. वर एक ओळ लिहिली: 'लेखी कृती हीच मूळ. मीच ती पुसली होती, ती चूक होती. चित्रं नाही बघितली तरी चालेल.' मग जतन केलं. "आता वाचा साहेब. त्यांनी केलं ते मार्गदर्शिकेप्रमाणेच आहे. पायऱ्या सहा."

साहेबांनी वाचलं. ओठ हलवत, सावकाश. अर्ध्या मिनिटात पडद्याच्या कडेला निरोप येऊ लागले: 'हे काय?', 'कुणी परवानगी दिली?', 'मास्तर, बघताय ना?' त्यांनी तेही वाचले.

"हे कोण लोक?"

"माझे," मी म्हटलं.

साहेबांनी एकतीस पानांचा गठ्ठा फोल्डरमध्ये घातला आणि कोऱ्या कागदावर एक ते सहा आकडे लिहिले. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. कॉम्प्युटर कोरा करतो. चालेल ना बाई?"

"चालेल," जाऊबाई म्हणाल्या. आवाज कोरडा ठणठणीत होता. "वेळ लावा घड्याळात."

दहा मिनिटं लागली. नोंदवही उघडली, दिलेला प्रोग्रॅम चालवला, आणि एकाच बाईच्या तीन नावांनी केलेल्या तीन नोंदी बोलघेवड्यानं एकापाठोपाठ एक वाचून दाखवल्या. साहेबांनी सहा खुणा केल्या. सोमवारपासून या म्हणाले. तीन महिने बघू, मग कायम.

जिन्यात जाऊबाईंनी माझं कोपर धरलं. धरावंच लागतं, पण रोजच्यासारखं नाही, भाजीवाल्याकडचा दुधी दाबून बघावा तसं. एक मजला उतरलो. दोन उतरलो.

"तीन हजार धन्यवाद?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी त्या मोजपट्टीला मेला म्हटलं तेव्हा तू चहा टाकायला गेलीस."

"हो, ताई."

"आधण ठेवताना भांडं वाजलं होतं तुझ्या हातून. मला वाटलं, बाई माझ्यासाठी कळवळतेय." त्या थांबल्या. मीही थांबले. खाली फाटकापाशी गाड्यांचे भोंगे वाजत होते. "किळस आली मला. त्या सत्तेचाळिसांची आली नव्हती इतकी."

मी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

"पायऱ्या किती राहिल्या?"

"अकरा."

आम्ही अकरा उतरलो. फाटकाबाहेर येईपर्यंत माझा फोन पर्समध्ये सारखा थरथरत होता. त्यांना ते ऐकू येत होतं. त्यांना सगळंच ऐकू येतं.

"तुझे लोक बोलावतायत," त्या म्हणाल्या.

"बोलावू देत."

"'बोलावू देत' म्हणून चालणार नाही. घरी गेलो की उघडायचं. ती एकतीस चित्रं एकेक करून मला सांगायची, कशात काय आहे ते. 'इथे' म्हणायचं नाही, 'असं' म्हणायचं नाही. मी लिहून घेते. प्रत्येकाखाली जायला हवं ते." त्यांनी कोपर जरा सैल धरलं, पण सोडलं नाही. "आणि आज चहा मी टाकणार. तू आज काहीही टाकू नकोस."